पुठ्ठ्याचे डिस्प्ले आणि पर्यावरण: दुकानदार आणि ब्रँडवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

दुकानात माल मांडायचे फ्लोअर स्टँड, काउंटरवर ठेवायचे छोटे युनिट, दारातले उभे कटआउट, प्रदर्शनातल्या स्टॉलची मांडणी, हे सगळं आम्ही पन्हळी पुठ्ठ्यात बनवतो. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आम्ही पुठ्ठ्याचाच धंदा करतो हे लक्षात ठेवून वाचा. जिथे पुठ्ठा घेऊ नये असं आमचं मत आहे, तिथे तसंही लिहिलेलं आहे.

हा पुठ्ठा म्हणजे पॅकिंगच्या खोक्याचाच का?

हो, घराणं तेच. दोन सपाट कागदांच्या मध्ये पन्हळीसारखा वळवलेला तिसरा कागद चिकटवला की झाला थ्री प्लाय. त्यावर आणखी एक पन्हळ आणि आणखी एक सपाट कागद आला की फाइव्ह प्लाय. हे थर चिकटवायला स्टार्चची खळ वापरतात, बहुतेक वेळा मक्याची. फरक असतो तो वरच्या तोंडाला: खोक्यावर नुसता तपकिरी क्राफ्ट कागद चालतो, डिस्प्लेवर ऑफसेटवर छापलेला डुप्लेक्स (एका बाजूनं पांढरा, मागून करडा जाड कागद) किंवा पांढरा कागद पेस्ट करतात, कारण तिथे रंग आणि फोटो उठून दिसायला हवेत. काउंटरवरच्या छोट्या युनिटसाठी दीड मिलिमीटरच्या आसपासची बारीक पन्हळ घेतात, तिला ई फ्लूट म्हणतात. मोठ्या स्टँडला जाड लागते.

पर्यावरणाचा फायदा नेमका कशात आहे? सगळेच हल्ली हिरवं पान छापतात.

छापतात खरं. मोठा फायदा डिस्प्लेच्या आयुष्याच्या शेवटी होतो, आणि तो समजण्यासाठी आधी डिस्प्ले किती दिवस जगतो ते बघायला हवं. शाम्पूची स्कीम, नव्या बिस्किटाचं लाँच, दिवाळीचा गिफ्ट पॅक, शाळा सुरू होतानाच्या वह्या. स्कीम संपली की स्टँडचं काम संपलं. दुकानदाराला ती जागा दुसऱ्या कंपनीला द्यायची असते आणि कंपनीचा माणूस जुना स्टँड न्यायला सहसा येत नाही. म्हणजे चार ते आठ आठवड्यांच्या कामासाठी आपण एक वस्तू बनवतो आणि ती दुकानाच्या मागच्या बोळात जाते. आता त्या बोळात काय पडलंय यावर सगळं अवलंबून आहे. पुठ्ठा पडला असेल तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलून नेतं, कारण त्याला किलोवर भाव आहे. सनबोर्ड (फुगवलेल्या प्लास्टिकची शीट) पडला असेल तर तो तिथेच राहतो आणि पुढच्या आठवड्यात मनपाच्या गाडीतून डेपोवर जातो.

बाकीचे फायदेही आहेत. पुठ्ठा वजनाला हलका, सपाट घडी करून जातो, एकाच प्रकारच्या मालाचा बनतो. पण खरी मेख ही: कमी दिवस जगणारी वस्तू अशा मालाची असावी, जो सहज परत कच्चा माल होतो. डिस्प्ले जितका अल्पायुषी, तितका पुठ्ठ्याचा दावा पक्का. उलटही तितकंच खरं आहे, ते पुढे लोखंडी रॅकच्या प्रश्नात येईल.

पण कागद म्हणजे झाडं तोडणं आलंच ना?

हा प्रश्न ग्राहक कमी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलं जास्त विचारतात. विचारायलाच हवा.

भारतात बनणाऱ्या कागदाचा सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा रद्दीपासून बनतो. उरलेला लाकडापासून आणि शेतातल्या टाकाऊ मालापासून, म्हणजे उसाचं चिपाड, गव्हाचा भुसा वगैरे. तपकिरी क्राफ्ट कागद तर आपल्याकडे जवळजवळ सगळाच रद्दीचा असतो. वापी आणि मोरबी ही त्याची मोठी ठिकाणं. महाराष्ट्रात बनणाऱ्या खोक्यांचा कितीतरी कागद वापीहून येतो.

जो कागद लाकडापासून होतो, त्याचंही चित्र लोकांच्या मनात असतं तसं नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं कारखान्यांना सांगितलं की लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या. त्यामुळे आज गिरण्यांना जाणारा बहुतांश माल शेताच्या बांधावरचा आणि पडीक जमिनीवरचा असतो: सुबाभूळ, निलगिरी, सुरू. लावली, तीन-चार-पाच वर्षांत तोडली, पुन्हा फुटली. निलगिरीच्या एकसुरी लागवडीवर आणि तिच्या पाण्याच्या हावरेपणावर टीका होते आणि ती वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. पण 'एक डिस्प्ले म्हणजे एक साग गेला' असं गणित कुठेही बसत नाही.

चिपाडाचं म्हणाल तर तमिळनाडूत टीएनपीएल ही मोठी गिरणी उसाच्या चिपाडावर चालते. आपल्या महाराष्ट्रात इतके साखर कारखाने असून चिपाड बहुतेक बॉयलरमध्ये जाळून वीज केली जाते. तोही एक उपयोगच आहे, पण कागदाच्या माणसाला थोडं वाईट वाटतंच.

आता दुसरी बाजू. रद्दीपासून कागद करायलाही पाणी लागतं, लगदा करायला वीज लागते, आणि ओला कागद सुकवायला वाफ लागते. ती वाफ बहुतेक ठिकाणी कोळशावर किंवा भुशावर होते. पुठ्ठा आकाशातून पडत नाही. म्हणून गरज नसताना डिस्प्ले बनवणं हे पुठ्ठ्यातसुद्धा वायाच.

एकच कागद किती वेळा पुन्हा वापरता येतो?

साधारण पाच ते सात वेळा असं धरतात. दर फेरीत तंतू आखूड होतात आणि कागदाची ताकद उतरते. म्हणूनच गिरण्या देशी रद्दीत परदेशातून आलेले जुने खोके मिसळतात, विशेषतः अमेरिकेतले. तिकडच्या खोक्यांत ताज्या लाकडाचा लांब तंतू जास्त असतो. कागदवाल्यांच्या बोलण्यात 'बीएफ' हा शब्द येतो, म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागद किती दाबाला फुटतो त्याचं माप. देशी रद्दीत १६-१८ बीएफचा कागद आरामात होतो. त्याच्या पुढे जायचं तर लांब तंतू हवाच.

सनबोर्ड, सनपॅक, फ्लेक्स, थर्माकोल यांच्यात इतकं वाईट काय आहे?

सगळे एका माळेचे मणी नाहीत, म्हणून वेगवेगळं सांगतो.

सनबोर्ड म्हणजे फुगवलेल्या पीव्हीसीची शीट. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. उघड्यावर जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा तिखट धूर येतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. आपल्याकडे कचरा उघड्यावर जळतो हे कोणाला नव्यानं सांगायला नको. शिवाय त्यावर विनाइल चिकटवलेलं असतं, त्यामुळे भंगारवालाही हात लावत नाही.

फ्लेक्सही पीव्हीसीच, आत पॉलिएस्टरची जाळी. दोन वेगळे माल एकमेकांत इतके घट्ट बसवलेले की सोडवणं परवडत नाही. फ्लेक्सचं एक मात्र मान्य करायला हवं: पावसाळ्यात झोपडीवर, टेम्पोवर, कांद्याच्या चाळीवर त्याच्याच ताडपत्र्या होतात. पुनर्वापर म्हणतात तो हाच, कुठल्याही परिसंवादाशिवाय होणारा.

सनपॅक हा पॉलिप्रॉपिलीनचा पन्हळी बोर्ड. यात क्लोरीन नाही, स्वच्छ मिळाला तर वितळवून त्याचा पुन्हा प्लास्टिकचा दाणा होतो. या चौघांत तो बरा.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आकारमानाच्या जवळपास ९८ टक्के हवा. गोळा करून गाडीत भरलं तर गाडी भरते आणि काटा हलत नाही, त्यामुळे ते नेण्यात कोणाला रस नसतो. तुटलं की पांढरे मणी गटारात आणि नदीत.

कायद्यानं यातल्या कशावर बंदी आहे?

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी घातली, सजावटीचा थर्माकोलही त्यात आला. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पुढे केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाली. तिच्या यादीत सजावटीचं पॉलिस्टायरीन आहे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर आहेत. दुकानदारांनी हेही लक्षात ठेवावं की मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही त्याच यादीत आहे.

सनबोर्डचं नाव केंद्राच्या यादीत नाही. जाड फ्लेक्सही तिथे अडकत नाही. त्यामुळे 'सगळं प्लास्टिक बंद झालंय, आता पुठ्ठाच घ्या' असं कोणी विक्रेता सांगत असेल तर तो तुम्हाला घाबरवून ऑर्डर काढतोय.

तुमच्या डिस्प्लेवर चकचकीत लॅमिनेशन असतं. मग तो रद्दीत चालतो का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक डिस्प्लेवाले यावर गुळमुळीत बोलतात.

लॅमिनेशन म्हणजे छापलेल्या कागदावर गरम रोलरनं बसवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, बहुतेक बीओपीपी. ग्लॉस असो, मॅट असो किंवा मखमली हात लागणारं 'वेल्वेट', सगळं प्लास्टिकच. गिरणीत रद्दी मोठ्या पल्परमध्ये पाण्याबरोबर घुसळतात, कागदाचा लगदा होतो आणि फिल्म वेगळी निघते. म्हणजे लॅमिनेशन केलेला पुठ्ठा फिरत नाही असं नाही. पण फिल्मला चिकटून कागदाचे तंतू वाया जातात, गिरणीच्या मागे प्लास्टिकच्या चिंध्यांचा ढीग साठतो, आणि रद्दीच्या दुकानात त्या मालाला भाव कमी लावतात.

तुमच्या हातातल्या डिस्प्लेवर लॅमिनेशन आहे का, हे ओळखायला मशीन लागत नाही. एक कोपरा हळूहळू फाडा. साधा कागद फाटताना कडेला पांढरे, लोकरीसारखे तंतू दिसतात आणि तो सरळ फाटत जातो. लॅमिनेशन असेल तर कागद फाटतो पण वरचा पारदर्शक पापुद्रा ताणला जातो, लांबतो आणि शेवटी फाटलेल्या कडेवरून लोंबत राहतो. नखानं धरून ओढलात तर छापलेल्या रंगासकट सालीसारखा निघतो. दुकानात उभ्या असलेल्या कुठल्याही 'इको-फ्रेंडली' स्टँडच्या मागच्या बाजूला जाऊन हे करून बघा. पुढून नको, दुकानदार ओरडेल.

याला पर्याय आहे: पाण्यावर आधारलेल्या वार्निशचा थर, त्याला ॲक्वस कोटिंग किंवा वॉटरबेस वार्निश म्हणतात. ओरखडे थोपवतो, थोडी चमक देतो, आणि पल्परमध्ये त्रास देत नाही. लॅमिनेशनइतका झगमगाट येत नाही आणि गडद काळ्या-निळ्या छपाईवर बोटांचे डाग जास्त दिसतात, हे खरं आहे. आमचा सल्ला असा की महिन्याभराच्या स्टँडला वार्निश पुरतं. डिझायनरला गडद पार्श्वभूमी टाळायला सांगा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

लॅमिनेशनशिवाय आणखी काय टाळावं?

मिश्रण. आतून लावलेली लोखंडी पट्टी, गरम गोंदानं चिकटवलेला ॲक्रिलिकचा तुकडा, एलईडीची माळ आणि बॅटरीचा डबा, दुहेरी फोम टेप. यातली प्रत्येक गोष्ट पुठ्ठ्यापासून हातानं वेगळी करावी लागते, आणि ती कोणी करत नाही. चांगला डिस्प्ले कापलेल्या खाचांत आणि जिभांत अडकून उभा राहतो, एकही पिन न मारता. दिवे हवेच असतील तर सहज खेचून काढता येतील असे बसवून घ्या. चकाकणारी मेटॅलिक फॉइल नकोच.

पुठ्ठा वजन पेलतो का? तेलाच्या पिशव्या ठेवायच्या आहेत.

पेलतो, पन्हळी उभ्या ठेवल्या तर. पन्हळीची नळी उभी असेल तर ती खांबासारखं काम करते. आडवी असेल तर तोच पुठ्ठा हातानं चेपतो. डिस्प्ले कोसळला अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच बघतो, आणि बऱ्याचदा कटिंगला शीट वाचवण्यासाठी कोणीतरी तुकडा फिरवून बसवलेला असतो.

एक लिटर तेलाची पिशवी ९१० ग्रॅमची. बारा ठेवल्या तर जवळपास अकरा किलो झाले. फाइव्ह प्लायची घडी घालून दुहेरी केलेली आणि पुढे-मागे काठ वळवलेली फळी इतकं पेलते. मात्र पुठ्ठा ओझ्याखाली हळूहळू बसत जातो. पहिल्या दिवशी ताठ असलेली फळी तिसऱ्या आठवड्यात मध्ये लवते. म्हणून हिशेब करताना गरजेच्या तीन-चारपट ताकद धरावी लागते. पाच लिटरचे जार असतील तर फळीवर नकोत, खाली जमिनीवर ठेवा आणि पुठ्ठा नुसता भोवतीच्या सजावटीला वापरा.

कागदाच्या ताकदीवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी: जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभी केली होती.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काय होतं?

त्रास होतो. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांकडे गेली की पन्हळी पुठ्ठ्याची दाब सोसायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. जून ते सप्टेंबरमध्ये रत्नागिरी किंवा पनवेलला जाणारा स्टँड आम्ही एक प्लाय वाढवून करतो. एसी असलेल्या मॉलमध्ये हा प्रश्न नसतो, उघड्या शटरच्या किराणा दुकानात असतो.

पण खरं सांगायचं तर पावसापेक्षा जास्त स्टँड फरशी पुसण्यानं जातात. रोज सकाळी ओलं फडकं किंवा मॉप स्टँडच्या बुडाला लागतो. पन्हळी उभ्या असतात, म्हणजे प्रत्येक नळीचं तोंड जमिनीला टेकलेलं असतं, आणि त्यातून पाणी वर चढतं. आठवड्याभरात खालचे तीन-चार बोटं पुठ्ठा मऊ पडतो, छपाई फुगते, आणि स्टँड एका बाजूला कलतो. त्यावर उपाय म्हणून बुडाला वेगळा चौकट-पाया द्यायचा, शेवटी सहज काढता येईल असा. पायाचीच पट्टी तेवढी मेण लावलेल्या किंवा लॅमिनेट केलेल्या पुठ्ठ्याची असली तरी चालते. सगळ्या स्टँडला प्लास्टिक फासण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

झुरळं, वाळवी, उंदीर?

स्टार्चच्या खळीला झुरळं येतात, ओल असली तर वाळवीही. स्टँड भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि दोन महिन्यांहून जास्त ठेवू नका. उंदराला पुठ्ठा कुरतडायला आवडतो, पण तो येतो आतल्या मालासाठी.

वाहतुकीत खरंच काही वाचतं का?

इथे आकडेमोड करून दाखवता येते. ६० सेंटिमीटर रुंद, ४० खोल आणि १५० उंच असा स्टँड उभा करून पाठवला तर त्याला ०.३६ घनमीटर जागा लागते. त्यात साधारण चार चौरस मीटर फाइव्ह प्लाय पुठ्ठा जातो. जाडी साडेसहा मिलिमीटर धरली तर सपाट घडी करून तोच माल ०.०२६ घनमीटरमध्ये मावतो. म्हणजे एका गाडीत तेरा-चौदा पट स्टँड. चाकणच्या गोदामातून नागपूर, नांदेड, सावंतवाडीला माल जातो तेव्हा फेऱ्याच कमी होतात, डिझेल कमी जळतं.

वजनाचंही बघा. सगळे थर १५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला १५० ग्रॅम) कागदाचे धरले आणि पन्हळीचा कागद वळल्यामुळे चाळीस टक्के जास्त लागतो हे मोजलं, तर फाइव्ह प्लायचा एक चौरस मीटर सुमारे ८७० ग्रॅम भरतो, वरचा छापलेला कागद सोडून. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड तेवढ्याच क्षेत्रफळाला अडीच-तीन किलो भरतो.

हा फायदा एका गोष्टीनं वाया जातो: दुकानात उघडून बसवताना. खाचा कुठे अडकवायच्या हे न कळल्यानं स्टँड तसाच घडीत गोदामात पडून राहिला तर कागद, छपाई, वाहतूक सगळं फुकट. म्हणून आम्ही मागच्या बाजूलाच चित्रं छापतो, मराठी आणि हिंदीत आकडे टाकून. वेगळा माहितीपत्रकाचा कागद हरवतो.

लोखंडी किंवा लाकडी रॅक वर्षानुवर्षं टिकतो. तोच पर्यावरणाला बरा नाही का?

तुमची मांडणी कायम राहणार असेल तर हो, लोखंडीच घ्या. पाच-सात वर्षं चालणारा पावडर कोटिंगचा रॅक, ज्यात फक्त वरची पट्टी बदलायची, तो दर दोन महिन्यांनी नवा पुठ्ठा टाकण्यापेक्षा उघड उघड शहाणपणाचा आहे. आणि तो शेवटी भंगारात जातो, लोखंडाला भावही चांगला मिळतो. आमच्याकडे अशी चौकशी आली की आम्ही फॅब्रिकेटरकडे पाठवतो. ग्राहकाचं भलं होतं, आणि खरं सांगायचं तर असा ग्राहक आमच्याकडे आला तरी चार महिन्यांत भांडायलाच येतो.

मधला मार्गही चालतो: सांगाडा लोखंडी, फळ्या आणि दर्शनी भाग पुठ्ठ्याचा. सण बदलला की फक्त दर्शनी भाग बदलायचा. साखळी दुकानांना आम्ही हेच सुचवतो.

छपाईच्या शाईचं काय?

तपकिरी पुठ्ठ्यावर थेट फ्लेक्सो (लवचीक ठशांच्या) छपाईला पाण्यावरची शाई असते, ती सगळ्यात निरुपद्रवी. ऑफसेटला वनस्पती तेलावर आधारलेल्या शाया मिळतात, विचारून घ्या. सनबोर्डवर लावायचं विनाइल सहसा सॉल्व्हंट शाईनं छापतात, त्याचा वास तुम्हाला नव्या स्टँडजवळ येतोच. एक सोपी गोष्ट: तपकिरी पुठ्ठा तसाच दिसू द्यायचा आणि एक-दोन रंगांत छापायचं. पांढरा कागद वाचतो, पेस्टिंग वाचतं, आणि दुकानात सगळीकडे चकचकाट असताना तो वेगळाही दिसतो. लोणची, गूळ, सेंद्रिय धान्य, हातमागाचा माल, यांना तर फारच शोभतो.

वापरून झालेला डिस्प्ले पुढे कुठे जातो?

दुकानातला पोऱ्या तो मोडून गल्लीतल्या रद्दीवाल्याला देतो किंवा कचरावेचक बाई उचलून नेतात. तिथून मोठ्या गोदामात, तिथे पुठ्ठा, वर्तमानपत्र, डुप्लेक्स असे वेगळे ढीग होतात. मग मशीनवर दाबून गठ्ठे बांधतात आणि ट्रक गिरणीला जातो. कागद पुन्हा रोलच्या रूपात आमच्याकडे येतो.

या साखळीतला पहिला आणि सगळ्यात कमी पैसे मिळवणारा दुवा कचरावेचकांचा आहे. पुण्यात त्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं. पुढे त्यातूनच घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांच्या दिवसाच्या मिळकतीत कोरड्या पुठ्ठ्याचा वाटा मोठा असतो. पुठ्ठा कोरडा ठेवणं, त्यावर चहा-तेल न सांडणं, ओल्या कचऱ्यात न कोंबणं, याचा सरळ परिणाम कोणाच्या तरी संध्याकाळच्या पैशांवर होतो. तेलकट पुठ्ठा तर गिरणीही नको म्हणते.

तो मातीत कुजतोच ना, मग कुठेही टाकला तर काय बिघडलं?

बिघडतं. कचरा डेपोत खोल दाबला गेला तर हवेशिवाय कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. कुजणं हा शेवटचा पर्याय, रद्दी पहिला. घरी खत करत असाल तर न छापलेला, टेप नसलेला पुठ्ठा फाडून ओल्या कचऱ्यात घाला, सुक्या पानांचं काम करतो. लॅमिनेशनवाला घालू नका, सहा महिन्यांनी कुंडीत फिल्मच सापडेल.

डिस्प्लेवर 'इको-फ्रेंडली' किंवा 'शंभर टक्के हरित' छापू का?

जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक' असे मोघम शब्द वापरायचे तर त्याचा पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. त्यापेक्षा खरं ते छापा: 'रद्दीपासून बनवलेला पुठ्ठा, प्लास्टिक लॅमिनेशन नाही, वापरून झाल्यावर रद्दीत द्या.' यातला शेवटचा भाग सगळ्यात उपयोगाचा, कारण तो पोऱ्या वाचतो.

एफएससीचं, म्हणजे जबाबदारीनं सांभाळलेल्या जंगलाच्या प्रमाणपत्राचं, चिन्ह हवं असेल तर फक्त कागद एफएससीचा असून भागत नाही. छापणाऱ्या आणि बनवणाऱ्याकडेही त्या साखळीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसताना चिन्ह छापणं म्हणजे सरळ गैरवापर.

छोट्या दुकानदाराला किंवा बचत गटाला हे परवडतं का?

डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, बनवायचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे पाच-दहा नगांना दर चढा पडतो, शंभरच्या पुढे उतरतो. दहाच हवे असतील तर डाय न करता प्लॉटरवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापून घ्या. त्याहून स्वस्त म्हणजे दुकानात येणारे खोकेच वापरा. बिस्किटाचा खोका पुढून तिरका कापला, कापलेला भाग आत घडी केला, दर्शनी बाजूला तपकिरी कागद लावून मार्करनं सुरेख अक्षरात भाव लिहिला, की काउंटर डिस्प्ले तयार. नवा कागद शून्य. आमचा धंदा यात नाही, पण डोंबिवली-ठाण्याच्या दिवाळी फराळाच्या स्टॉलवर असे डिस्प्ले आम्ही पाहिलेत आणि ते आमच्या डिझायनरच्या कामापेक्षा वाईट नव्हते.

गणपती-दिवाळीची सजावट पुठ्ठ्याची घ्यावी का?

२०१८ नंतर थर्माकोलच्या मखरांची जागा बऱ्याच घरांत घडीच्या पुठ्ठ्याच्या मखरांनी घेतली. दुकानाच्या शोकेसलाही तीच मखरं, कमानी, कंदील चालतात. नीट घडी करून माळ्यावर ठेवली तर पुढच्या वर्षी पुन्हा निघतात, आणि मग हिशेब आणखी सुधारतो. त्यावर चिकटवलेली सोनेरी प्लास्टिकची लेस आणि चमकी मात्र रद्दीत देण्याआधी काढा. समई आणि निरांजनापासून हातभर दूर ठेवायलाही विसरू नका. हॅलोजनचा दिवा पुठ्ठ्याला टेकवून तर मुळीच लावू नका, एलईडी लावा.

ऑर्डर देताना तुम्हाला काय काय सांगू?

मालाचं एका नगाचं वजन आणि एका फळीवर किती नग, डिस्प्ले किती आठवडे उभा राहणार, कुठल्या महिन्यात, दुकान एसी की उघडं, आणि जागा किती. नमुना हाती आल्यावर त्यात खरा माल भरून तीन-चार दिवस उभा ठेवा, रिकामा स्टँड बघून मंजुरी देऊ नका. लॅमिनेशन नको असेल तर कोटेशनमध्येच लिहून मागा, कारण काही ठिकाणी न विचारता लावतात. आणि नग मोजूनच छापा. दुकानं दीडशे असतील तर 'असू देत जास्तीचे' म्हणून दोनशे मागवू नका. उरलेले पन्नास आमच्याच दारात रद्दी म्हणून परत येतात.